पावनखिंडीत संपणारी वाट पुढं न्या आणि फिरवून परत कोल्हापुरात आणा

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे मिळून बारा, त्यात आपला पन्हाळा, याचा आनंद कोल्हापुरातल्या सगळ्यांना झाला तसा मलाही झाला. तेव्हापासनं कट्ट्यावर बसलं की तोच विषय निघतो, आता पर्यटक वाढणार, रस्ता रुंद करा, पार्किंग वाढवा, हॉटेलं वाढवा. या सगळ्या चर्चेत गाडी आहे, चालणारा माणूस कुठंच नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापावं ही विनंती.

माझं म्हणणं एकच आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही जी वाट आपण दर पावसाळ्यात चालतो ती तिथंच तोडू नका. तीच वाट पुढं विशाळगड, अणुस्कुरा, गगनबावडा, दाजीपूर, राधानगरी, कसबा बीड अशी फिरवून परत कोल्हापुरात आणा, आणि कोल्हापुरातनं जोतिबावरनं पन्हाळ्याला जोडून गोल पूर्ण करा. त्यासाठी एक फूटसुद्धा नवा रस्ता करायला लागत नाही. वाटा आहेत. जुन्या आहेत, बऱ्याच ठिकाणी मोडायला लागल्यात, पण आहेत. त्या शोधायच्या, नकाशावर घ्यायच्या, फाट्याफाट्यावर खुणेचा दगड लावायचा आणि वाटेवरच्या गावांना विश्वासात घ्यायचं, एवढं काम आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. नोकरीतली बरीच वर्षं मुक्कामाच्या गाड्यांवर गेली. संध्याकाळी कोल्हापुरातनं सुटायचं, रात्री शेवटच्या गावात झोपायचं आणि पहाटे दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बायका घेऊन परत यायचं. डांबरी जिथं संपते तिथनं पुढं माणसं कशी जातात हे मी रोज बघितलंय. गाडी थांबली की चार-पाच जण बॅटरी लावून डोंगराच्या अंगाला चालायला लागायचे, धनगरवाड्यावर पोचायला त्यांना अजून तासभर. सुट्टीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जायला लागलो आणि मग तो नादच लागला. त्यामुळं मी जे लिहितोय ते पुस्तकातनं काढलेलं नाही.

पन्हाळा-पावनखिंडीचा इतिहास आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. सिद्दी जौहरचा वेढा, जुलै १६६० ची ती पावसाची रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं, हे इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी माहीत असतं. त्याच रात्रीच्या आठवणीनं दरवर्षी जुलैत कितीतरी ग्रुप ही वाट चालतात, पुसाटी बुरुजाकडनं उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी असं करत पांढरपाणी आणि पावनखिंड. फार चांगली गोष्ट आहे. मी स्वतः चाललोय, घरातल्या पोरांना नेलंय, आणि ज्यांनी ज्यांनी ही मोहीम इतकी वर्षं टिकवली त्यांच्याबद्दल मनात फक्त आदर आहे.

पण त्या वाटेवरच्या गावांच्या बाजूनं जरा बघा. जुलै म्हणजे रोपलावणीचा महिना. मांडलाईवाडीच्या पुढं एका खाचराजवळ मी स्वतः बघितलेलं सांगतो. वाट म्हणजे दोन खाचरांच्या मधला बांध, एका माणसाच्या रुंदीचा. आमच्या आधी शेकडो जण जाऊन बांधाचा पार राडा झाला होता, पाय घोट्याच्या वर रुतत होता, म्हणून मागनं येणारे बुटं वाचवायला बाजूनं खाचरातनं चालले होते आणि खाचरात आदल्या दिवशीच लावण झालेली. एक मावशी डोक्यावर इरलं, हातात तरव्याची मूठ घेऊन वाकून तुडवलेली रोपं परत उभी करत होती. चार रोपं खोचायची, वर बघायची, परत चार खोचायची. ती कुणाला रागं भरली नाही, एवढंच म्हणाली की महाराजांच्या नावानं चाललाय, जावा, पण बांधावरनं जावा बाबांनो. आणि बांध तर जागेवर राहिलाच नव्हता.

म्हणजे काय होतंय, चार-सहा शनिवार-रविवारी एवढी गर्दी की गावाला झेपत नाही आणि उरलेलं वर्षभर त्या वाटेवर कुत्रं फिरकत नाही. पठारावर प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या राहतात. गावातल्या घरात एक रात्र कुणी राहिलं, दोन जेवणं जेवलं, असं फार कमी होतं कारण जेवण पाठीमागनं टेम्पोतनं येतं. आणि खिंड आली की वाट संपली, सगळे गाडीत बसतात आणि रात्री घरी. वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणारी असली की दोन्ही टोकांना गाड्यांची जत्रा भरते आणि मधली गावं नुसती ओलांडायची गावं होतात. तीच वाट गोल असली की कुठलंच गाव शेवटचं राहत नाही. गगनबावड्याचा माणूस गगनबावड्यातनं सुरू करेल, गारगोटीकडचा राधानगरीतनं करेल, कुणी दोनच दिवस चालेल आणि एसटीनं परत जाईल, कुणी पुढच्या वर्षी राहिलेला तुकडा पुरा करेल. गर्दी पसरते, पैसा पसरतो आणि एकाच बांधावर हजार पाय पडत नाहीत.

आता हा गोल कुठनं कसा जातो ते सांगतो, म्हणजे मी उगाच हवेत बोलत नाही हे कळेल. नकाशावर दोरा ठेवून बघितलं तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या घरात जाईल, हे ढोबळ माप आहे. नकाशा पुढ्यात घेतला की एक गोष्ट पहिल्यांदा डोळ्यात भरते, की हा गोल म्हणजे बऱ्याच अंशी पंचगंगेच्या पाणलोटाचा काठ आहे. कासारी विशाळगडाच्या बाजूनं येते, कुंभी गगनबावड्याकडनं, तिला धामणी मिळते, तुळशी आणि भोगावती राधानगरी तालुक्यातनं येतात, आणि सरस्वती गुप्त मानतात. ही सगळी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते. म्हणजे ज्या पाण्यावर हे शहर पिढ्यानपिढ्या जगलं आणि ज्या पाण्यानं २०१९ ला आणि २०२१ ला आपली घरं बुडवली ते पाणी कुठल्या डोंगरावर पडतं, कुठल्या रानातनं मुरत येतं, हे कोल्हापूरच्या पोरानं एकदा तरी पायानं फिरून बघावं असं मला मनापासनं वाटतं. पूर आला की आपण राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी बघायला जातो. वरची झाडी, वरचे सडे म्हणजे माथ्यावरची कातळाची पठारं, वर कुठं डोंगर फोडलेत, ते बघायला कोण जातं?

पावनखिंडीच्या पुढं भाततळी, गजापूर आणि विशाळगड. मुळात विशाळगड तिथं का आहे तर आंबा घाट आणि अणुस्कुरा घाट यांच्यावर नजर ठेवायला. राजापूर बंदरात उतरलेला माल घाट चढून कोल्हापूरकडं यायचा तो याच वाटांनी. अणुस्कुऱ्याची आजची डांबरी वेगळी, जुनी घाटवाट वेगळी, तिच्यावर दगडांची फरसबंदी अजून काही ठिकाणी दिसते. बैलांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी ते दगड इतके गुळगुळीत झालेत की पावसाळ्यात त्यावरनं सरळ चालता येत नाही, तिरकं पाऊल टाकत उतरायला लागतं. पन्हाळ्याला येणारा पर्यटक तीन दरवाजा बघतो, अंबरखाना बघतो, फोटो काढतो, आणि बरोबर आहे, बघावंच. पण गड का बांधला याचं उत्तर गडावर मिळत नाही, ते खालच्या घाटवाटेत मिळतं, आणि ती घाटवाट दाखवायला आपल्याकडं एक साधा बोर्डसुद्धा नाही.

तिथनं दक्षिणेला गगनबावडा. पंत अमात्यांची बावडा जहागीर ती हीच, वर गगनगड आणि गगनगिरी महाराजांचा आश्रम, एका अंगाला करूळ घाट, दुसऱ्या अंगाला भुईबावडा. पाऊस म्हणजे विचारू नका. गगनबावड्याला जाणारे निम्मे लोक धुकं आणि गरम भजी एवढंच करून परत येतात, पण त्याच तालुक्यात पळसंब्याला ओढ्याच्या पात्रात अख्ख्या कातळातनं कोरून काढलेली छोटी मंदिरं आहेत, रामलिंग म्हणतात त्या जागेला. वर झाडांचं छत, मंदिराच्या अंगाला शेवाळ, बाजूनं पाणी वाहतंय. एकसंध दगडातनं कोरलेलं देऊळ बघायला आपण वेरूळला जातो आणि घरापासनं दीड-दोन तासांवर हे आहे ते कोल्हापुरात कितीजणांना माहीत आहे?

गगनबावड्यातनं धामणी खोऱ्याच्या वरच्या अंगानं दाजीपूर. इथं वाट जंगलात शिरते आणि इथंच सगळ्यात जास्त काळजी घ्यायला लागणार. राधानगरी हे राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं, आज साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर आहे, गव्यांसाठी प्रसिद्ध. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा युनेस्कोच्या यादीत गेल्या त्यात कास, कोयना, चांदोली यांच्याबरोबर राधानगरी आहे. ही गोष्ट मला परत सांगू द्या, कारण ती कुणी एकत्र मांडत नाही. आपल्या एका जिल्ह्यात २०१२ चा निसर्गाचा जागतिक वारसा आहे आणि २०२५ चा किल्ल्याचा जागतिक वारसा आहे, आणि या दोन्हीला जोडणारी पायवाट आधीपासनं आहे. असं भाग्य किती जिल्ह्यांना मिळतं? आणि आपण काय करतोय तर दोन्हीकडं वेगवेगळ्या गाडीनं जाऊन सेल्फी काढून येतोय.

राधानगरी गावच मुळी शाहू महाराजांनी वसवलेलं, राजकन्या राधाबाईंच्या नावानं. वर लक्ष्मी तलाव म्हणजे राधानगरी धरण, त्याचे आपोआप उघडणारे सात दरवाजे, ते उघडले की इथं शहरात बातमी होते. तिथनं भोगावतीच्या काठानं खाली आलं की कसबा बीड. शिलाहार राजा भोजाच्या काळातलं हे राजधानीचं ठिकाण, गावात जागोजागी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेत, आणि पावसाळ्यात पाऊस उघडला की शेतात, गल्लीत, कुणाच्या तरी परड्यात बारीक सोन्याचं नाणं सापडतं. गावातली म्हातारी माणसं पहिल्या पावसानंतर खाली मान घालून चालतात हे मी बघितलंय. असं गाव दुसऱ्या कुठल्या राज्यात असतं तर तिथं म्युझियम झालं असतं. इथं वीरगळांना कोणी टेकून बसतं, कोणी म्हैस बांधतं. मग बीडातनं कोल्हापूर, रंकाळा, प्रयाग चिखली, जोतिबा, पोहाळ्याची लेणी आणि परत पन्हाळा. १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी पन्हाळ्यावर होती, नंतर ती कोल्हापुरात आली, त्यामुळं हा शेवटचा तुकडा म्हणजे एका राजधानीतनं दुसऱ्या राजधानीत चालत जाणं आहे.

काहीजण म्हणतील की एवढं कोण चालतंय. अहो, आपण चालणारीच माणसं आहोत. माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायला पहाटे पंचगंगा घाटापासनं जी रांग लागते ती बघा, त्यात सत्तरीच्या आज्जी अनवाणी असतात. आषाढी एकादशीला नंदवाळची दिंडी बघा, पुईखडीचं रिंगण बघा. पंढरीची वारी तर सोडूनच द्या. चालायची सवय नाही म्हणून काही अडलेलं नाही, चालायला खात्रीची वाट नाही म्हणून अडलंय. पुण्या-मुंबईची पोरं मला विचारतात की काका गाइड न घेता आम्ही दोघंतिघं गजापूरवरनं गगनबावड्याला जाऊ का, आणि मला नाही म्हणायला लागतं, कारण मधे चार ठिकाणी फाटे फुटतात, एकही खूण नाही, मोबाईलला रेंज नाही आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. मोहिमेच्या वेळी चुन्याची फक्की मारून खुणा करतात, ती दोन सरींत धुऊन जाते.

आता वाटा मोडायला लागल्यात म्हणतो ते काय ते सांगतो. पूर्वी धनगरवाड्यावरची पोरं चालत शाळेला यायची, माणसं चालत बाजाराला यायची, त्यामुळं वाट वापरात होती, वर्षातनं एकदा गाव मिळून झुडपं तोडायचं. आता जिथं रस्ता झालाय तिथं माणसं गाडीवरनं जातात, चांगलंच आहे, आजारी माणसाला डालग्यात घालून खाली आणायला लागायचं ते दिवस परत नकोत. पण रस्ता झाला की जुन्या वाटेवर दोन पावसाळ्यात कारवी माजते. दुसरं म्हणजे जमिनी विकल्या जातायत. बाहेरचा माणूस सडा विकत घेतो, चारी बाजूनं तारेचं कुंपण आणि गेट, आत फार्महाऊस. ज्या वाटेनं गावची जनावरं शंभर वर्षं चरायला गेली ती वाट एका दिवसात बंद. विचारलं तर म्हणतो सातबारा माझ्या नावावर आहे.

सातबारा असू दे, पण गावनकाशा बघा ना. महसूलच्या जुन्या गावनकाशात एकेरी तुटक रेघेनं पायवाट आणि दुहेरी तुटक रेघेनं गाडीवाट दाखवलेली असते. ती रेघ म्हणजे त्या वाटेचा जन्मदाखला आहे. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते. कायदा आहे पण दाद मागणार कोण, धनगरवाड्यावरचा म्हातारा वकील लावणार आहे का? म्हणून माझी पहिली मागणी हीच आहे की पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी आणि करवीर या पाच तालुक्यांतले गावनकाशे काढून त्यावरच्या पायवाटा एका कागदावर जोडाव्यात. भूमिअभिलेखच्या कपाटात हे सगळं आहे. कॉलेजच्या भूगोलाच्या आणि इतिहासाच्या पोरांना हा प्रोजेक्ट द्या, मोबाईलवर जीपीएस चालू करून ती आनंदानं चालतील, शिवाजी विद्यापीठानं मनावर घेतलं तर एका हिवाळ्यात काम होईल.

बाहेरच्या देशात हे कसं करतात त्याची दोन उदाहरणं देतो. युरोपात माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी एक वाट आहे, साधारण १७० किलोमीटरची, ती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतनं फिरून जिथनं निघाली तिथं परत येते, आणि जगभरातनं माणसं ती चालायला जातात. तीन देशांना जमतं ते पाच तालुक्यांना का जमू नये? दुसरं उदाहरण आपल्या जवळचं, श्रीलंकेतलं. तिथं कँडीच्या बाजूच्या चहाच्या मळ्यातल्या जुन्या वाटा, ज्यावरनं पूर्वी चहा वाहून न्यायचे, त्या जोडून पेको ट्रेल म्हणून ३०० किलोमीटरच्या वरची वाट केलीय, २२ टप्पे आहेत, मळ्यातल्या वस्त्यांतनं आणि गावांतनं जाते. नवीन काही बांधलं नाही, होत्या त्याच वाटा जोडल्या. आपल्याकडं चहाच्या जागी मीठ, भात आणि मिरची होती एवढाच फरक.

करताना काय करू नये हेही लिहितो कारण मला त्याचीच जास्त भीती आहे. पेव्हिंग ब्लॉक नकोत. स्टीलचं रेलिंग नको. मसाई पठारावर कमान नको, सेल्फी पॉइंट नको, हायमास्ट तर अजिबात नको. मसाई पठार आता संवर्धन राखीव आहे, विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा ही रानंसुद्धा संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालीत, तिथं जेसीबी नेऊन पायवाट "विकसित" करायची म्हणजे होती ती घालवायची. २०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ताच खचला आणि गडावर गाडी जायची बंद झाली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. डोंगर किती उकरायचा याला काहीतरी मर्यादा पाहिजे. पायवाटेला लागतं काय तर फाट्यावर गुडघ्याएवढा जांभ्या दगडाचा खांब, त्यावर एकच खूण आणि पुढच्या गावाचं नाव, किलोमीटर नको, चालायला किती तास लागतात ते लिहा. निसरड्या चढाला दगडी पायऱ्या, गावच्या गवंड्यांकडनं. जिथं वाट खाचरातनं जाते तिथं शेतकऱ्याला विचारून, त्याला दरवर्षी काहीतरी मोबदला देऊन बांध रुंद आणि पक्का करायचा.

आणि वाटेला हंगाम पाहिजे. रोपलावणी चालू असताना खाचरातले तुकडे बंद. पावनखिंडीची जुलैची मोहीम इतिहासाची आहे, ती राहू दे, पण ग्रुपनी दिवस वाटून घ्यावेत आणि गावाशी आधी बोलावं. बाकी गोल दसऱ्यापासनं होळीपर्यंत चालावा. होळीनंतर गवत वाळतं, वणवे लागतात, तेव्हा एक विडी टाकली तरी डोंगर जातो. अभयारण्यातला तुकडा वनखात्याच्या परवानगीनं, दिवसाउजेडी, स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊनच, आणि जिथं गव्यांचा किंवा बाकी जनावरांचा वावर जास्त तिथं वाट बाहेरच्या गावांतनं वळवावी. लांब पडली तर पडू दे. गवा समोर आला की फोटो काढायला पुढं जाणारी माणसं मी बघितलीत, गवा शांत दिसतो पण हजार किलोचं जनावर आहे ते, त्याच्या रानात आपण पाहुणे आहोत.

राहायचं म्हणाल तर मोठी रिसॉर्टं नकोत. प्रत्येक टप्प्याच्या गावात चार-पाच घरांत सोय, बचत गटाच्या बायकांनी जेवण करायचं, दर ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहिलेला. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, हिरव्या मिरचीचा खर्डा, गावचं दूध. चालून आलेल्या माणसाला याहून काय पाहिजे? आपल्याच जिल्ह्यात पाटगावनं मधाचं गाव म्हणून नाव काढलंय, बाहेरनं लोक मध घ्यायला जातात, तर धामणी खोऱ्यातल्या गावांना का जमणार नाही. तिथली तरणी पोरं एमआयडीसीत हेल्परला येतात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात. मी त्यांना रविवारी रात्री गाडीतनं आणलंय, तिकीट काढताना तोंडाकडं बघवायचं नाही. त्यातल्या थोड्यांना जरी वाटाड्या म्हणून, घरात पाहुणा ठेवून, वाटेची देखभाल करून गावात राहता आलं तर माझ्या दृष्टीनं ही वाट वसूल झाली.

एसटीचा उपयोग इथं फार होईल. मुक्कामाची गाडी संध्याकाळी शेवटच्या गावात पोचते आणि पहाटे सुटते, चालणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असतं, संध्याकाळी टप्प्याच्या गावात पोचायचं आणि पहाटे वाटेला लागायचं. शहरातनं गाडी घेऊन जायची गरज नाही, पार्किंगचा प्रश्न नाही. आणि अशा गावांना चार प्रवासी जास्त मिळाले तर ती गाडी टिकेल, जिच्यावर गावची पोरं शाळेला जातात.

शेवटी संपादकसाहेब, आपल्या पेपरला एक विनंती. या वाटा माहीत असणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीची आहे. कुठल्या चढाला काय म्हणतात, पाण्याचा झरा कुठं, म्हातारीचा टप्पा कुठला, कुठल्या खिंडीतनं मिठाचे बैल यायचे, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि कुठंही लिहिलेलं नाही. आपण आठवड्यातनं एक कोपरा या वाटांना द्यावा आणि वाचकांकडनं त्यांच्या गावच्या वाटेची माहिती मागवावी. गजापूर, अणुस्कुरा, पळसंबे, दाजीपूर, बीड, सगळीकडं आपला पेपर जातो. नातवंडांनी आजोबांना विचारून लिहून पाठवलं तरी चालेल. आणि त्या पाच तालुक्यांतल्या सरपंचांना सांगणं आहे की येत्या ग्रामसभेत आपल्या गावच्या गावनकाशावरच्या पायवाटा वाचून दाखवा आणि कुठली चालू आहे, कुठली अडवलीय, कुठली मोडलीय याचा ठराव करा. त्याला कुठल्याही फंडाची, कुठल्याही मंजुरीची वाट बघायला लागत नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी कंडक्टर,
शिवाजी पेठ, कोल्हापूर